बालवाडीत दात कोणी घासायचे?

बालवाडीच्या भिंतीवर दात घासणाऱ्या मुलाचं चित्र हमखास असतं. हात धुण्याचं गाणं असतं. वर्षातून एकदा दंतवैद्य येतात, प्लॅस्टिकच्या मोठ्या जबड्यावर ब्रश फिरवून दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. पण त्याच बालवाडीत रोज एका तरी मुलाच्या दातांना ब्रश लागतो का, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असंच येईल. तो घरचा विषय, असं सगळेच धरून चालतात. शिक्षिका तसं धरतात, संस्थाचालक तसं धरतात आणि पालकही.

मला ही समजूत घातक वाटते. जिथे मूल दिवसाचे चार तास, काही ठिकाणी आठ-नऊ तास असतं, जिथे ते खातं-पितं, शी-शूला जातं, झोपतं, तिथे दिवसातून एकदा फ्लोराइडच्या टूथपेस्टने दात घासून घेणं आणि ठरलेल्या वेळी साबणाने हात धुवून घेणं हे संस्थेचं रोजचं काम असायला हवं. गाणी, गोष्ट आणि खेळ जसे वेळापत्रकात लिहिलेले असतात तसंच हेही लिहिलेलं हवं, त्यासाठी माणूस नेमलेला हवा. स्वच्छतेबद्दल सांगणं आणि स्वच्छता प्रत्यक्ष करून घेणं यांत फार अंतर आहे, आणि तीन वर्षांच्या मुलाला पहिल्याचा जवळपास काहीच उपयोग नसतो.

दुधाच्या दातांविषयी आधी बोलायला हवं, कारण सगळी टाळाटाळ तिथून सुरू होते. 'ते पडणारच आहेत, मग कशाला एवढं?' हे वाक्य शिकलेल्या घरांतही ऐकू येतं. साधारण सहाव्या महिन्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत मुलाला एकूण वीस दात येतात. त्यांतले पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन मुलाला पुढची सात-आठ वर्षं काढायची असतात. या दातांवरचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, कायमच्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोहोचते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. शिवाय ज्यांचे दुधाचे दात किडलेले असतात त्यांचे कायमचे दात किडण्याची शक्यताही जास्त असते. दात बदलले म्हणून तोंडातले जंतू आणि खाण्याच्या सवयी थोड्याच बदलतात?

आणि दुखण्याचं काय? लहान मुलाला 'माझी उजवीकडची खालची दाढ ठणकते' असं सांगता येत नाही. ते घास गालात धरून बसतं. एकाच बाजूने चावतं. गार पाणी नको म्हणतं. सगळ्यांचं खाणं उरकलं तरी त्याची ताटली तशीच असते. दुपारच्या झोपेतून रडत उठतं, गोष्ट चालू असताना शेजारच्याला ढकलतं. आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. चार वर्षांची एक मुलगी मला आठवते. वर्गात ती कधी तोंड उघडून गायची नाही, हसली तरी ओठ मिटून हसायची. लाजाळू आहे, असं सगळ्यांचं मत झालं होतं. एके दिवशी तिच्या वर्गाच्या ताई, म्हणजे शिक्षिका, तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि 'आ' करून दाखव म्हणाल्या, तेव्हा खालच्या दाढेच्या मुळाशी हिरडीवर पुवाची पिवळट पुळी दिसली. दाढेचा वरचा भाग जवळपास उरलाच नव्हता. हे काही आठवड्याभरात झालेलं नव्हतं. रोज इतके तास ती इतक्या मोठ्या माणसांमध्ये होती आणि तिच्या तोंडात डोकावण्याचं काम कोणाचंच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या मुखआरोग्य अहवालानुसार जगातल्या सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. हा फक्त गरीब देशांचा प्रश्न नाही. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात हेच आहे. त्यांतल्या बहुतेकांना पूर्ण भूल देऊन दात काढावे लागतात. जो आजार रोखणं इतकं सोपं आहे त्यासाठी पाच वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवावं लागतं, याची लाज मोठ्यांना वाटायला हवी.

कीड लागते कशी, हे कळलं की बालवाडीचा यात संबंध काय हेही लगेच कळतं. दातांवर जंतूंचा चिकट थर असतो. आपण साखर किंवा पिठूळ काही खाल्लं की हे जंतू त्यातून आम्ल तयार करतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४०च्या दशकात हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थराचा पीएच (आम्लता मोजण्याचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-एक तास लागतो. तेवढा वेळ इनॅमलमधली खनिजं झिरपून बाहेर पडत असतात. मग लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि त्यातली खनिजं दातात परत बसू लागतात. फ्लोराइड असेल तर ही भरपाई जास्त चांगली होते. सारखं खाणं चालू राहिलं तर भरपाईला वेळच मिळत नाही. झीज वाढत जाते, आधी हिरडीच्या कडेला खडूसारखे पांढरे डाग दिसतात, मग तपकिरी खड्डा पडतो. पांढरा डाग असेपर्यंत दात सावरू शकतो. खड्डा पडल्यावर तो आपोआप भरून येत नाही.

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि ते दाताला किती चिकटून राहिलं हे महत्त्वाचं, हे ज्या प्रयोगातून सर्वांत स्पष्ट झालं तो आठवला की मन अस्वस्थ होतं. स्वीडनमधल्या लुंड शहराजवळच्या विपेहोल्म या संस्थेत १९४५ पासूनच्या काही वर्षांत मतिमंद रहिवाशांना मुद्दाम चिकट टॉफ्या दोन जेवणांच्या मध्ये खायला दिल्या गेल्या, आणि त्यांचे दात झपाट्याने किडले. ज्यांना साखर फक्त जेवणासोबत मिळाली त्यांची कीड फारशी वाढली नाही. त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती आणि आज असा प्रयोग कोणी करूच शकणार नाही. त्यांच्या दुखण्याच्या मोलाने मिळालेलं ज्ञान निदान वाया तरी जाऊ नये.

आता बालवाडीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. आल्या आल्या सिपरमधून गोड पेय, मधल्या वेळचा खाऊ, कविता म्हटली म्हणून गोळी, रडू थांबावं म्हणून बिस्कीट, कोणाचा वाढदिवस म्हणून केक, घरी जाताना पुन्हा काहीतरी. त्यातलं एकेक लहानसंच असतं. पण दातांच्या दृष्टीने दर वेळी आम्लाची नवी फेरी सुरू होते, आणि या फेऱ्या किती होणार हे बालवाडीच ठरवत असते. म्हणून जबाबदारी फक्त घरची, हे म्हणणं टिकत नाही. खाण्याच्या वेळा बांधून घेणं, मधे फक्त साधं पाणी देणं, बक्षीस म्हणून गोड न देणं, एवढं तर आज, कोणालाही न विचारता सुरू करता येईल. वाढदिवसाला गोड नको म्हटलं की पालक नाराज होतात, हे मला माहीत आहे. वर्गात तीस मुलं असतील तर वर्षात तीस वाढदिवस येतात, हे त्यांच्यापुढे मांडलं की बहुतेकांना पटतं. ज्या मुलाचा वाढदिवस असेल त्याने त्या दिवशीचं गाणं किंवा खेळ निवडावा. त्या वयात मुलाला त्याचाही तेवढाच आनंद होतो.

मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. दात घासणं हे आई-वडिलांचं काम, ते बालवाडीने अंगावर घेतलं तर पालक हात झटकतील, असं म्हटलं जातं. यात तथ्य असतं तर ते आकड्यांत दिसलं असतं. स्कॉटलंडने २०००च्या दशकाच्या सुरुवातीपासून बालवाड्यांमध्ये रोज, मोठ्यांच्या देखरेखीखाली दात घासून घ्यायला सुरुवात केली. पुढे हाच उपक्रम 'चाइल्डस्माइल' या राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा झाला. घरी वापरायला ब्रश आणि टूथपेस्टही दिली गेली. २००३ मध्ये तिथे प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभरातल्या सुमारे ४५ मुलांच्या दातांना उघड कीड नव्हती. २०२० मध्ये अशी मुलं शंभरात ७४ च्या आसपास होती. या सगळ्याचं श्रेय एकट्या ब्रशला देता येणार नाही. त्याच कार्यक्रमात दंतवैद्यांकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा लेप, लावणं, घरोघरी जाऊन सल्ला देणं हेही होतं. पण बालवाडीतल्या ब्रशचा स्वतंत्र आर्थिक हिशेबही तिथल्या संशोधकांनी केला. उपक्रमाच्या आठव्या वर्षी दातांच्या उपचारांवरची अपेक्षित बचत त्याच्या खर्चाच्या अडीच पटींहून जास्त निघाली. त्यांतही जास्त बचत गरीब वस्त्यांमधल्या मुलांची होती.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात वेळ आहे, माहिती आहे, पैसे आहेत, तिथल्या मुलाचे दात बहुधा घासले जातातच. ज्या घरात आई-वडील पहाटे बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर परततात, जिथे एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे 'हे तुमचं काम आहे' असं सुनावून काहीच बदलत नाही. पालकांसाठीची पत्रकं, व्याख्यानं, पोस्टर यांचा फायदा आधीच काळजी घेणाऱ्यांनाच होतो. बालवाडीत सगळी मुलं एका ओळीत बसून दात घासतात तेव्हा कोणाच्या घरची काय स्थिती आहे हा प्रश्नच उरत नाही. आणि या वयाच्या मुलाला पोटभर खायला घालण्याची जबाबदारीही आई-वडिलांचीच असते, तरी बालवाडी खायला देतेच. मग दातच तेवढे वेगळे का?

रात्रीचा ब्रश अर्थातच घरी व्हायला हवा. झोपेत लाळ कमी होते, म्हणून झोपण्यापूर्वीचं घासणं सर्वांत मोलाचं. बालवाडीतला ब्रश त्याची जागा घेत नाही. पण एकदाही न होण्यापेक्षा एकदा होणं कितीतरी चांगलं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला नीट दात घासण्याची सफाई नसते, त्यामुळे घरीही मोठ्या माणसाने ब्रश हातात घ्यायला हवा, हे पालकांना बालवाडीतच प्रत्यक्ष पाहून कळतं.

'आमच्याकडे इतकी बेसिनं कुठे आहेत?' असं संस्थाचालक विचारतात. बेसिन लागतच नाही. मुलं आपापल्या जागी बसूनही दात घासू शकतात. ताईंनी स्वच्छ ताटलीच्या कडेने टूथपेस्टचे छोटे ठिपके वेगवेगळे काढायचे, प्रत्येकाच्या ब्रशवर एकेक उचलायचा. ट्यूबचं तोंड कोणाच्याही ब्रशला लागता कामा नये. कोरड्या ब्रशनेच घासायचं, दोन मिनिटांनी फेस कागदी रुमालात थुंकायचा, मग ब्रश एकेक करून वाहत्या पाण्याखाली धुवायचे. चूळ भरायची गरज नाही, उलट भरपूर पाण्याने चूळ भरली की फ्लोराइड धुऊन निघतं. फिलिपीन्समधल्या सरकारी शाळांमध्ये असंख्य मुलं अशीच रोज एकत्र हात धुतात आणि दात घासतात. त्यासाठी तिथे कोणी संगमरवरी स्वच्छतागृहं बांधली नाहीत, लांब पाइपाला भोकं पाडून एका वेळी बऱ्याच मुलांना पुरेल अशी सोय केली.

टूथपेस्टचं प्रमाण पाळायला हवं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. पेस्टमध्ये किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असावं. ट्यूबवर हा आकडा छापलेला असतो, पण तो कोणी वाचत नाही. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत, फळांच्या चवीच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड फारच कमी असतं किंवा अजिबात नसतं. त्यांनी तोंडाला छान वास येतो, किडीपासून संरक्षण फारसं मिळत नाही. फ्लोराइडची भीती घालणारे संदेश सगळीकडे फिरत असतात, म्हणून स्पष्ट सांगतो. दात तयार होत असताना फ्लोराइड दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेलं तर कायमच्या दातांवर डाग पडतात, हे खरं आहे. म्हणूनच पेस्टचं प्रमाण दाण्यात मोजायचं आणि ट्यूब मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही. जिथे पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे स्थानिक दंतवैद्याचा सल्ला घेऊनच पुढे जायचं. यापलीकडे घाबरण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहे. अत्यावश्यक औषध देणं हे चैनीत मोडत नाही.

ब्रशची अदलाबदल होईल, संसर्ग पसरेल, ही शंका मात्र रास्त आहे आणि तिचं उत्तर शिस्तीतच आहे. प्रत्येक ब्रशवर नाव हवं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पतंग, मासा, छत्री असं चित्र. ब्रश उभे, एकमेकांना न टेकता, हवेशीर स्टँडवर वाळत ठेवायचे. डब्यात कोंबायचे नाहीत, टोपण लावायचं नाही, जंतुनाशकात बुडवायचे नाहीत. तीन-चार महिन्यांनी किंवा केस वाकडे झाले की बदलायचे. चुकून एकाचा ब्रश दुसऱ्याच्या तोंडात गेला तर दोघांनाही नवा द्यायचा. एवढं पाळलं की ब्रशपेक्षा खेळण्यांमधून आणि हातांमधून होणारा संसर्ग कितीतरी जास्त असतो, हे लक्षात येतं.

हातांचा प्रश्न खरं तर दातांपेक्षा जुना आणि सगळ्यांना मान्य असलेला. तरीही तो सुटलेला नाही, कारण मुलं हात कसे धुतात हे आपण बघतच नाही. एकदा बेसिनशेजारी उभं राहून शांतपणे पाहा. तीन वर्षांचं मूल टाचा उंचावतं, पोट बेसिनच्या कडेला टेकवतं, बोटांची टोकं पाण्याखाली धरतं. साबण हातातून निसटतो, ते हसतं, पुन्हा पाणी. तळव्यांना साबण लागतो, अंगठे आणि बोटांमधल्या जागा कोरड्या राहतात, नखांत माती तशीच. मग बाही भिजते, हात कपड्यांना पुसले जातात आणि ज्या नळाला मघाशी मळका हात लागला होता तोच पुन्हा धुतलेल्या हाताने बंद केला जातो. याला आपण 'हात धुतले' म्हणतो. यातला निम्मा दोष मुलाचा नाहीच. बेसिन मोठ्यांच्या उंचीला बसवलंय, नळ घट्ट आहे, साबणाची ओली वडी मातीत पडते, पुसायला सगळ्यांत मिळून एक टॉवेल आहे. पायाखाली भक्कम स्टूल, कोपराने किंवा बोटाने सहज फिरणारा नळ, दाबून निघणारा पातळ साबण आणि प्रत्येकाला वेगळा नॅपकिन किंवा कागदी रुमाल, एवढ्याने अर्धा फरक पडतो. उरलेला अर्धा वीस सेकंद शेजारी उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसाने पडतो. गरम पाणी लागत नाही. घाण निघते ती साबणाने आणि चोळण्याने.

बालवाड्या आणि शाळांमध्ये हात धुण्याची सवय नेटाने लावली तर जुलाबाच्या घटना सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, असं कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात दिसून आलं आहे. एवढ्या स्वस्त उपायाने एवढा फायदा देणाऱ्या गोष्टी फार नाहीत. सॅनिटायझरची बाटली हा त्याला पर्याय नाही. मातीने माखलेल्या हातांवर ते नीट काम करत नाही, उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूवर त्याचा प्रभाव कमी पडतो, आणि लहान मुलाने ते प्यायलं तर विषबाधा होते. महासाथीत ते हाताशी आलं आणि अनेक ठिकाणी साबणाच्या जागी कायमचं बसलं. ते मुलांच्या हाताबाहेर ठेवून साबण परत आणायला हवा.

मोठ्यांचे हातही यात येतात. एका मुलाचा डायपर बदलून तसंच दुसऱ्याचं नाक पुसणं, मग खाऊ वाढणं, हे घाईत घडतं. घडू नये यासाठी डायपर बदलण्याची जागा आणि खाऊची जागा वेगळी हवी आणि डायपरच्या जागेजवळच पाणी हवं. बेसिन दोन खोल्या पलीकडे असेल तर वीस मुलं सांभाळणारी बाई दर वेळी तिथे जाणार नाही, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही.

स्वच्छतागृहाकडे तर कोणी पाहतच नाही. अंधारं, ओलं, वास येणारं, मोठ्या मापाच्या भांड्याचं स्वच्छतागृह पाहून कितीतरी मुलं तासन्‌तास शू-शी दाबून ठेवतात. त्यातून बद्धकोष्ठता होते, लघवीचा संसर्ग होतो, कपडे खराब होतात आणि मग वर्गात सगळ्यांसमोर बोलणी बसतात. काही मुलं तिथे जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. पाणी कमी प्यायलं की तोंडही कोरडं राहतं. बालवाडी निवडताना पालक रंगीत खोली, झोपाळा आणि वह्या पाहतात. मी म्हणेन, आधी स्वच्छतागृह पाहा, आणि मूल बसेल त्या उंचीवर वाकून पाहा.

बोलणी बसण्याचा विषय निघालाच आहे, तर 'स्वच्छ बालक' म्हणून बक्षीस देण्याच्या पद्धतीविषयीही सांगतो. ती बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं. नखं कापलेली आहेत का, दात पांढरे आहेत का, हे वर्गात रांगेत तपासून कोणाला तारा आणि कोणाला खाली मान असं केलं की तीन वर्षांच्या मुलाच्या माथी त्याच्या घरची परिस्थिती मारली जाते. नखं कापणं त्याच्या हातात नाही. किडलेले दात ही त्याची चूक नाही. ज्याचे दात काळे पडलेत ते मूल या तपासणीनंतर तोंड दाखवायला घाबरतं, आणि ज्याचं तोंड पाहण्याची सर्वांत जास्त गरज आहे तेच तोंड मिटतं. नखं वाढलेली दिसली तर पालकांना विचारून ताईंनीच शांतपणे कापावीत. दातांवर पांढरे डाग किंवा खड्डा दिसला तर पालकांना बाजूला घेऊन, दोष न देता सांगावं आणि कुठे दाखवायचं हेही सांगावं. नुसतं 'डॉक्टरकडे न्या' म्हणून पाठवलं तर बरेचसे पालक जात नाहीत. पैशांची भीती असते, 'पडणारच आहे' ही समजूत असते. जवळ कुठे कमी खर्चात किंवा मोफत तपासणी होते याचा कागद बालवाडीत तयार असला पाहिजे.

आजारी मुलाला घरी ठेवण्याचा नियम सगळीकडे असतो आणि सगळीकडे मोडला जातो. ब्रिटनमधल्या सूचनांनुसार शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास मुलाने येऊ नये. नियम योग्यच आहे. पण ज्या आईची सुट्टी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडते ती मुलाला ताप उतरवणारं औषध पाजून पाठवणारच. तिला बेजबाबदार म्हणण्याआधी, आजारी मुलासाठी पगारी सुट्टी मिळण्याचा प्रश्न आपण कधी लावून धरला का, हे स्वतःला विचारलेलं बरं.

शेवटी हे सगळं ज्यांच्या हातून व्हायचं त्या ताई आणि मदतनीस मावशी. त्यांच्यावर आणखी एक काम ढकलायचं आणि वेळ, माणसं, पगार जिथल्या तिथे ठेवायचे, असं होणार असेल तर त्यांनी विरोधच करावा. एका बाईकडे पंचवीस-तीस मुलं असतील तर ब्रश, हात, डायपर यांतलं काहीच धड होणार नाही. सराव झाला की एका वर्गाचे दात घासून व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती मिनिटं पगारी कामाच्या वेळेत धरलेली हवीत, प्रशिक्षण कामाच्या दिवशी हवं, ब्रश आणि पेस्ट संस्थेने किंवा सरकारने पुरवायला हवी, ताईंनी स्वतःच्या पर्समधून नव्हे. बालवाडीला परवानगी देताना इमारत, अग्निसुरक्षा, नोंदवह्या तपासल्या जातात. त्याच तपासणीत किती मुलांमागे एक बेसिन, मुलांच्या उंचीला बसवलेलं आहे की नाही, साबण आत्ता तिथे आहे का, रोज दात घासण्याची वेळ कोणती आणि ते काम कोणाकडे, हे प्रश्न यायला हवेत. आणि ज्या दिवशी मदतनीस रजेवर असेल त्या दिवशी ते काम कोण करणार, त्या माणसाचं नावही तिथेच लिहिलेलं हवं, कारण एक माणूस कमी पडला की सगळ्यात आधी ब्रशच वगळला जातो.